केपटाउन ते अ‍ॅडो : द्राक्षमळे, सागरकिनारा आणि हत्तींच्या वाटेवर या चुका टाळा

केपटाउनहून गाडी घेऊन निघायचे, स्टेलेनबॉश आणि फ्रान्सहूकच्या द्राक्षमळ्यांतून समुद्राकडे उतरायचे, किनाऱ्याच्या आधाराने पूर्वेकडे जात अ‍ॅडो राष्ट्रीय उद्यानातील हत्ती पाहायचे आणि पोर्ट एलिझाबेथच्या विमानतळावर गाडी परत करायची, हा दक्षिण आफ्रिकेतील प्रवास महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना सोपा वाटतो. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात आणि नकाशावर एन-2 हा एकच महामार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला दिसतो. बहुतेक चुका या दिसणाऱ्या सोपेपणातूनच होतात. द्राक्षमळे, समुद्र आणि वन्यप्राणी या तिघांची वेळापत्रके निराळी आहेत आणि त्यांतील एकही आपल्या सोयीने बदलत नाही.

पहिली चूक घरबसल्याच होते, ती महिना निवडताना. केपमधील द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, तर सदर्न राइट जातीचे देवमासे जून ते नोव्हेंबर या काळात किनाऱ्याजवळ येतात. म्हणजे काढणी आणि देवमासे एकाच फेरीत पाहायला मिळत नाहीत. मे महिन्याची सुट्टी घेऊन जाणाऱ्यांची दोन्हीकडून निराशा होते, कारण काढणी आटोपलेली असते, देवमाशांचा हंगाम सुरू झालेला नसतो आणि महिन्याच्या मध्यानंतर सूर्यही सहाच्या आत मावळतो. वेलींची पिवळी-तांबडी पाने मात्र तेव्हा सुरेख दिसतात. माझ्या मते सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. दिवाळी ऑक्टोबरमध्ये येत असेल, तर सुट्टीचाही प्रश्न सुटतो. काढणीच पाहायची असेल, तर नाशिककरांनी त्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण नाही, कारण गोलार्ध वेगळा असला तरी आपल्याकडचा हंगामही जवळपास त्याच महिन्यांत येतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत स्थानिकांच्या सुट्ट्या असल्याने गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

द्राक्षमळ्यांतील सर्वांत धोकादायक चूक म्हणजे चाखण्याला पिणे न समजणे. तेथे सामान्य चालकासाठी 100 मिलिलिटर रक्तात 0.05 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. आपल्याकडील 0.03 ग्रॅमच्या तुलनेत ती सैल वाटते आणि तेवढ्यावरच माणसे फसतात. एका मळ्यात पाच-सहा वाइन चाखायला मिळतात आणि असे तीन मळे झाले की चालकाने नेमके किती घेतले याचा हिशेब त्याला स्वतःलाही देता येत नाही. चव घेऊन वाइन समोरच्या भांड्यात थुंकणे तेथे असभ्य मानले जात नाही. संकोच आपल्या बाजूचा असतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे फ्रान्सहूकमध्ये गाडी मुक्कामाच्या जागी ठेवून मळ्यामळ्यांतून फिरणाऱ्या वाइन ट्रामने जावे. पिनोटाज ही तेथील खास वाइन अवश्य चाखावी. 1925 मध्ये स्टेलेनबॉश येथे पिनो न्वार आणि सँसो या द्राक्षजातींच्या संकरातून तिच्या द्राक्षाची जात तयार झाली. मात्र पहिल्याच दिवशी सहा बाटल्या घेऊन त्या आठवडाभर उन्हात तापणाऱ्या डिकीत फिरवल्या, तर घरी येईपर्यंत वाइन बिघडू शकते. शिवाय भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या 750 मिलिलिटरच्या दोनच बाटल्या.

यानंतर समुद्र, आणि येथे एन-2 चकवतो. केपटाउन ते मॉसल बे या टप्प्यात हा महामार्ग बहुतांशी समुद्रापासून दूर, डोंगर आणि गव्हाच्या शेतांतून जातो. ‘किनाऱ्याचा रस्ता’ समजून त्यावरून सरळ सुटणाऱ्यांना समुद्र क्वचितच दिसतो. त्यासाठी गॉर्डन्स बे येथून आर-44 हा कड्याला बिलगून जाणारा रस्ता धरावा, बेटीज बे येथील स्टोनी पॉइंटला पेंग्विन पाहावेत आणि पुढे हर्मानसला पोहोचावे. आफ्रिकन पेंग्विन 2024 पासून अतिधोक्यातील प्रजातींच्या यादीत आहे, त्यामुळे लाकडी मार्गिका सोडून खाली उतरू नये. केपटाउनजवळच्या सायमन्स टाउनला पेंग्विन पाहायला गेल्यास गाडी सुरू करण्यापूर्वी ती वाकून खालून पाहावी. तेथे पेंग्विन सावलीला गाडीखाली बसतात. हर्मानसला कड्यावरील पायवाटेवरूनच देवमासे दिसत असल्याने घाईने बोटीचे तिकीट काढण्याऐवजी दुर्बीण आणि मोकळी सकाळ हाताशी ठेवावी. दोन महासागरांचा संगम पाहण्याच्या कल्पनेने केप ऑफ गुड होपला जाणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की आफ्रिकेचे दक्षिण टोक आणि अधिकृत संगम दोन्ही केप अगुल्हासला आहेत.

गाडीविषयी थोडक्यात. चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड नसेल तर काउंटरवर अडचण येते, कारण अनामत रक्कम त्यावरच रोखून ठेवली जाते. विम्यातून टायर, काच आणि गाडीचा तळ अनेकदा वगळलेला असतो, म्हणून डी हूप अभयारण्याकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर शिरण्यापूर्वी करार वाचावा आणि तेथे वेग कमी ठेवून जोराने ब्रेक दाबणे टाळावे. चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो, तेथे हॉर्न वाजवून वाट काढण्याची आपली सवय चालत नाही. अंधार पडल्यावर महामार्गावर जनावरे आणि पादचारी येत असल्याने मुक्कामी उजेडातच पोहोचावे.

आर-44 वर आणि डोंगरघाटांत बबून जातीची मोठी माकडे भेटतात. काचा बंद आणि दारे कुलूपबंद ठेवावीत. एखादा आत शिरलाच, तर खाऊची पिशवी त्याच्या हातून हिसकावू नये. दारे उघडून बाजूला व्हावे, म्हणजे तो आपला वाटा घेऊन निघून जातो.

अ‍ॅडोमध्ये 1931 साली उद्यान स्थापन झाले तेव्हा अवघे 11 हत्ती उरले होते. आज ते 600 हून अधिक आहेत. त्यांना उद्यानात राखण्यासाठी पूर्वी संत्री खायला घातली जात आणि त्यातून त्यांना फळांची चटक लागली. म्हणूनच आजही लिंबूवर्गीय फळे आत नेण्यास बंदी आहे आणि प्रवासासाठी घेतलेली संत्री-मोसंबी बाहेरच संपवावी लागतात. कमाल वेग ताशी 40 किलोमीटर आहे आणि रस्त्यावरील हत्तीच्या लिदीवरून गाडी नेऊ नये, कारण तिच्यात उडता न येणारे शेणकिडे असतात आणि वाटेचा पहिला हक्क त्यांचा असतो. कळप आडवा आला तर हॉर्न न वाजवता लांब थांबावे, आणि पिल्लू व आई यांच्या मधे गाडी घालू नये. नराच्या गंडस्थळातून मद पाझरताना दिसला, तर छायाचित्राचा मोह सोडून सावकाश मागे सरावे.

शेवटच्या सकाळी ‘जाता जाता एक फेरी’ मारण्याचा बेत मात्र करू नये. मुख्य तळापासून पोर्ट एलिझाबेथ सुमारे 70 किलोमीटर आहे. शहराचे अधिकृत नाव 2021 मध्ये बदलून गेबेर्हा झाले असल्याने पाट्यांवर आणि तिकिटावर तेच शोधावे. रस्ता तासाभराचाच असतो, पण वाटेत उभा राहिलेला हत्ती किती वेळ घेईल याचा अंदाज विमान कंपनीला सांगता येत नाही.