कॉन्सर्ट हॉलमध्ये सीट कुठली घ्यायची आणि हॉल कानाने कसा तपासायचा

हॅम्बुर्गला कोणी ओळखीचं येणार असलं की मला हमखास मेसेज येतो, तिथल्या एल्बफिलहार्मोनी या कॉन्सर्ट हॉलचं तिकीट कुठलं काढू, स्टेज नीट दिसेल ना? अहो दिसेल हो. तिथली कुठलीच सीट कंडक्टरपासून ३० मीटरच्या पलीकडे नाही, दिसण्याची काळजी सोडा. ऐकू काय येणार ते विचारा.

आपली गोची अशी की आपण नाट्यगृहात नाहीतर गणपतीच्या मांडवात गाणं ऐकत मोठे झालो, म्हणजे माइक, स्पीकर आणि "जरा मॉनिटर वाढवा". तिथे आवाज स्पीकरमधून येतो, भिंतींनी फक्त गप्प बसायचं. सिंफनीच्या हॉलमध्ये सहसा माइक नसतोच, समोर ऐंशी-शंभर वादक, एल्बफिलहार्मोनीच्या मोठ्या हॉलमध्ये २१०० श्रोते, आणि मधे फक्त भिंती, छत अन हवा. त्यामुळे तिथे साउंडवाला म्हणजे खुद्द तो हॉलच, आणि सीट निवडताना तुम्ही खरं तर कुठल्या भिंतीच्या शेजारी बसायचं ते निवडत असता.

आधी सीट मॅप उघडा आणि हॉल कुठल्या जातीचा ते बघा. लांबट खोक्यासारखा असेल तर शूबॉक्स. व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन (१८७०) हा त्यातला आजोबा, साधारण ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच. हा अरुंदपणाच कामाचा आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला ढोबळमानाने ३ मिलीसेकंद. भिंतीवर आपटून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा साधारण १७ मीटरपेक्षा कमी जास्तीचं अंतर फिरून आला तर तो ५० मिलीसेकंदाच्या आत पोचतो आणि कान त्याला वेगळा मोजतच नाही, मूळ आवाजातच जमा करून टाकतो, आवाज भरदार लागतो. उशिरा आला तर तोच चिखल. अरुंद हॉलमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ, त्यामुळे बाजूने येणारे हे पडसाद लवकर मिळतात आणि आपण आवाजाच्या आत बसलोय असं वाटतं.

मॅपमध्ये स्टेज मध्यभागी आणि चारी बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांचे ब्लॉक दिसले तर तो विनयार्ड, द्राक्षाच्या मळ्यासारखा (नाशिककरांना जास्त समजावून सांगायला नको). हान्स शारून या आर्किटेक्टने बर्लिनचा फिलहार्मोनी १९६३ साली असा बांधला, अकॉस्टिक्स (म्हणजे हॉलमध्ये आवाज कसा फिरेल याची आखणी) लोथार क्रेमरचं. आता एवढ्या पसरट हॉलमध्ये बाजूच्या भिंती लांब गेल्या की, मग लवकरचे पडसाद आणायचे कुठून? तर प्रत्येक ब्लॉकच्या कडेला जी बुटकी भिंत असते ती शोभेची नाही, तिच्यावर आपटून आवाज शेजारच्या ब्लॉकमध्ये जातो. एल्बफिलहार्मोनी याच घराण्यातली आहे.

आता सीट. विनयार्डमध्ये स्टेजच्या मागच्या सीट स्वस्त असतात आणि आपल्यातला मराठी माणूस तिकडेच जातो, मीही गेलो होतो, हॉलचं नाव घेत नाही. नुसता ऑर्केस्ट्रा असेल तर जरूर बसा, टिंपनी (मोठे नगारे) जवळून ऐकू येतो आणि कंडक्टरचा चेहरा दिसतो, तो एक वेगळाच कार्यक्रम असतो. पण त्या दिवशी गायिका होती आणि मला दीड तास तिची पाठ ऐकू आली. माणसाचा आवाज तोंडासमोर जातो, त्यातही व्यंजनं आणि वरचे स्वर जास्तच, मागे राहतो तो गुणगुणल्यासारखा गोळा. हॅम्बुर्गमध्ये २०१९ साली मालर या संगीतकाराच्या रचनेच्या एका कार्यक्रमात काही श्रोते चक्क ओरडले होते की गाणं ऐकू येत नाहीये, बातम्यांत आलं होतं. तेव्हा कार्यक्रमात गळा असेल तर स्टेजच्या समोरचीच सीट, दोन रांगा मागे गेलात तरी चालेल.

बाल्कनीच्या खाली खोलवर बसू नका. तपासायची सोपी युक्ती म्हणजे सीटवर बसून मुख्य हॉलचं छत दिसतंय का बघा, दिसत नसेल तर तिकडचा आवाजही तुमच्यापर्यंत येत नाही, बोगद्यातून ऐकल्यासारखं वाटतं. आणि सपाट फरशीवरच्या पुढच्या रांगाही मला आवडत नाहीत, कारण खुर्च्यांच्या डोक्यांवरून घासत येताना आवाजातला खर्ज बराच गळतो. जरा वर, चढावर बसलेलं बरं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊण तास आधी पोचा. एल्बफिलहार्मोनीत ८० मीटरच्या आसपास लांबीचा तो वाकडा सरकता जिना आहेच, त्यावर फोटो काढून झाले की सरळ हॉलमध्ये जा. भिंत जवळून बघा, शिंपल्यांनी खरवडल्यासारखी दिसते. जिप्समच्या सुमारे १०,००० पाट्या, एकीसारखी दुसरी नाही. यासुहिसा टोयोटा या अकॉस्टिक्सवाल्याने त्या खळग्यांवर आवाज विखरायचं काम सोपवलंय, म्हणजे आरशासारखी एकाच दिशेला चमक न जाता तो मऊ पसरतो. आणि पाट्या वजनदार आहेत, हलकी प्लायवूडची भिंत असती तर ती स्वतःच थरथरून खर्ज खाऊन टाकते. अजून एक गंमत म्हणजे बाहेर एल्बे नदीत जहाजांचे भोंगे वाजत असतात पण आत काही नाही, कारण १२,५०० टनांचा हा सगळा हॉल ३६२ स्प्रिंग-संचांवर बसवलाय, बिल्डिंगमध्ये दुसरी बिल्डिंग.

मग ट्यूनिंग सुरू झालं की फोन ठेवा आणि डोळे मिटा. ओबो या फुंकवाद्याचा तो एक स्वर, ज्यावर सगळे आपापली वाद्यं जुळवतात, कुठल्या दिशेने येतोय ते शोधा. बोट दाखवता आलं पाहिजे आणि तरीही तो आजूबाजूलाही असला पाहिजे, दोन्ही जमलं की हॉल चांगला. पुढची परीक्षा म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा जोरात वाजून एकदम थांबतो ती जागा. वाजणं थांबल्यावर हॉलमध्ये रेंगाळणारा आवाज म्हणजे शेपूट, ती मनात मोजा. म्युझिकफेराइनमध्ये हॉल भरलेला असताना ती दोन सेकंदांच्या आसपास असते. आपल्या द्रुत तबल्याला एवढी शेपूट दिली तर तिरकिटची लापशी होईल. म्हणून कुठला हॉल सगळ्यात भारी हे विचारणं मला पटत नाही, कशासाठी भारी ते विचारा. आणि खोकला रुमालात काढा प्लीज, तिथे गोळीचा कागद उघडलेला दहा रांगा पलीकडे कळतो.

हे सगळं घरी आल्यावरही कामाला येतं. दिवाळी पहाटेसाठी आम्ही एकदा एक हॉल भाड्याने घेतला, १२ बाय ८ मीटर, उंची ४, खाली टाइल्स, भिंती प्लास्टरच्या. आदल्या रात्री टाळी वाजवली तर आवाज भिंतीभिंतीत खेळत बसला. हार्वर्डच्या वॉलेस सेबिनने पार १८९५ पासून रात्री-रात्री थिएटरच्या खुर्च्यांवरच्या उशा आत-बाहेर करून जो हिशोब काढला (आणि त्यावर १९०० मध्ये बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला) तोच वापरायचा. घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ, उत्तर म्हणजे शेपटीचे सेकंद. आमचं घनफळ ३८४, म्हणजे वर साधारण ६२. रिकामा हॉल शोषतो जेमतेम १४ चौरस मीटर, शेपूट ४.४ सेकंद, म्हणजे विहीरच. माणूस बसला की अंदाजे अर्धा चौरस मीटर शोषतो, ६० माणसं म्हणजे ३०, झाले १.४ सेकंद. त्यावर २० चौरस मीटर जाड, भरपूर चुण्यांचे पडदे लावले तर अजून दहाएक, ६२ भागिले ५४, सव्वा सेकंदाच्या आत. तबल्याला चालतंय. अंड्याचे ट्रे चिकटवायचा सल्ला देणारा एक जण भेटेलच, ऐकू नका, खालच्या स्वरांना ते काहीही करत नाहीत.

मुंबईत असाल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये टाटा थिएटर आहेच, १९८० चं, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि अकॉस्टिक्सवाला सिरिल हॅरिस. याच जोडीने १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरचा हॉल आतून नवा केला होता, तो पुढे तोडून परत नव्याने केला, २०२२ मध्ये उघडला, सीटसुद्धा २७३८ वरून २२०० वर आणल्या. टाटा थिएटरला एखादी मैफल लागली की मध्यंतरात शेजाऱ्याला पटवून जागा बदलून बघा, पहिला भाग एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे, वर लिहिलेलं सगळं एका संध्याकाळी कानाला कळतं.