क्रूझची केबिन घेण्याआधी

जहाज सर्वांत कमी हलतं ते मध्यभागी, खालच्या डेकवर. बाल्कनीच्या मोहाने पुढच्या टोकाची वरची केबिन घेतली, की समुद्र खवळल्यावर पैसे देऊन उलट्या! मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्या. त्रास सुरू झाल्यावर ती फारशी चालत नाही.

दरात बंदर-शुल्क, जीएसटी, टिप धरलीय का, हे लेखी घ्या.

मुंबईत क्रूझ जिथून सुटते त्या बॅलार्ड पिअर धक्क्याला ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवेने, नवी मुंबईहून अटल सेतूने जा. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. इस्त्री नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात; त्या उतरल्यावरच परत मिळतात. सकाळचे कपडे, औषधं, ओळखपत्र हातातल्या पिशवीत हवं, नाहीतर गाऊनवरच उतरा.