मुलगा वयात येताना: काय बघावं, काय आधीच सांगून ठेवावं

बापाची चप्पल मुलाला येऊ लागली की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, असं आपल्याकडे म्हणतात. ही खूण शरीराच्या दृष्टीनेही बरोबर आहे. वयात येताना आधी पाऊल वाढतं, मग पाय लांब होतात आणि धड शेवटी. वर्षात दोनदा बूट लहान झाले, तर उंचीची मोठी उडी जवळ आली असं समजा. मात्र बोलायला तोवर थांबू नका, कारण सुरुवात त्याच्याही आधी झालेली असते.

मुलींना पाळीबद्दल आई किंवा शाळा थोडंफार तरी सांगते. मुलग्यांना बहुतेक घरांत कुणीच काही सांगत नाही. मग मोबाइलवरचे व्हिडिओ आणि भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती ते काम करतात, तेही भीती घालून. म्हणून दहाव्या वर्षाच्या आसपास पहिलं बोलणं झालेलं असावं. समोरासमोर बसवून भाषण नको. स्कूटरवर, भाजी निवडताना, दिवे घालवल्यावर असं पाच-पाच मिनिटं बोला. बाबा, काका, मामा, आई, ज्याच्याशी त्याचं जमतं त्याने बोलावं. लिंग, वृषण, वीर्य हे शब्द सरळ वापरा. ज्या अवयवाला घरात नावच नसतं, तिथलं दुखणंही मूल सांगत नाही.

बदल कोणत्या क्रमाने होतात

पहिला बदल बाहेरून दिसत नाही: वृषण मोठे होऊ लागतात. हे ९ ते १४ वर्षांदरम्यान कधीही सुरू होतं, बहुतेकांचं अकरा-बाराच्या सुमारास. वृषणांचं माप घ्यायला डॉक्टरांकडे १ ते २५ मिलिलिटर आकाराच्या मण्यांची एक माळ असते. चार मिलिलिटरच्या मण्याएवढं वृषण झालं की मुलगा वयात येऊ लागला असं धरतात. पुढे लिंगाभोवती केस येतात आणि लिंगाची लांबी वाढते. त्यानंतर उंची झपाट्याने वाढते. ऐन भरात वर्षाला ९-१० सेंटीमीटरसुद्धा. आवाज घोगरा होतो, काखेत केस येतात, मिसरूड फुटतं. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असणं नेहमीचंच आहे, हेही सांगून टाका. मुलं यावरून गुपचूप झुरतात.

वर्गातल्या मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात. 'ती बघ केवढी झाली' ही तुलना त्या काळात तरी टाळा. बोलताना आवाज चिरकला तर हसू नका आणि पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचा आग्रह धरू नका.

छातीतली गाठ

जवळपास निम्म्या मुलग्यांना तेरा-चौदाच्या सुमारास स्तनाग्राखाली नाण्याएवढी, हात लागला की दुखणारी गाठ येते. संप्रेरकांचं प्रमाण बदलत असतं, त्यामुळे हे होतं. बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत ती आपोआप जिरते. दाबून बघू नये, मलम चोळू नये. मुलगा अचानक पोहायला जाईनासा झाला किंवा उकाड्यातही शर्टाखाली जाड बनियन घालू लागला, तर कारण हे असू शकतं. गाठ मोठी होत गेली, त्यातून स्राव आला किंवा वयात येण्याची दुसरी कुठलीच खूण नसताना ती आली, तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेत वीर्य जाणं

याला 'स्वप्नदोष' म्हणतात, पण यात दोष काहीच नाही. हे घडण्याआधी सांगितलेलं असेल तर मुलगा घाबरत नाही. नसेल तर सकाळी चड्डीवर कांजी केल्यासारखा कडक डाग बघून त्याला आजार झाल्यासारखं वाटतं. सांगायचं ते इतकंच: 'असं झालं तर चड्डी गार पाण्यात भिजव, साबण लाव, वाळत टाक. कुणी विचारणार नाही.' पाणी गारच हवं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

रक्ताचे अमुक थेंब आटून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत साफ चुकीची आहे. वीर्य रक्तापासून साठवलेलं नसतं. त्यात बहुतांश पाणी असतं आणि शरीर ते सतत बनवत राहतं. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, उंची खुंटत नाही, डोळे खोल जात नाहीत. 'धातू (म्हणजे वीर्य) जाते' म्हणून घाबरलेला मुलगा भोंदूच्या हाती लागला की पैसे जातात आणि भीती वाढते.

स्वच्छता

रोज आंघोळ करताना लिंगावरची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यावी, नुसत्या पाण्याने धुवावं आणि आठवणीने पुन्हा पुढे आणावी. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते. मग लगेच दवाखाना गाठावा लागतो. जोर लावून कधीच ओढू नये.

पावसाळ्यात जांघेत गोल, लाल कडेचा नायटा हटकून होतो. दुकानातून आणलेल्या 'तीन-इन-वन' मलमात बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो. डॉक्टरांनी दिलेलं फक्त बुरशीविरोधी मलम कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावावं आणि डाग गेल्यावरही त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. टॉवेल वेगळा, चड्डी सुती आणि कोरडी.

इथे मात्र थांबायचं नाही

एका वृषणात अचानक जोराची कळ, सोबत मळमळ किंवा उलटी: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते वाचवायला साधारण सहा तास मिळतात. घात होतो तो लाजेमुळे. मुलगा 'पोटात दुखतंय' म्हणतो, घरचे ओवा देतात आणि रात्र निघून जाते. म्हणून 'खाली दुखलं तर मध्यरात्रीही उठव' हे वाक्य त्याला आधीच सांगून ठेवा, आणि अशा वेळी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

मोबाइल आणि दार

दार बंद करायला लागला तर टकटक करून आत जा. मोबाइलवर दिसतं तसं खऱ्या माणसांचं शरीर आणि नातं नसतं, हे त्याला स्पष्ट सांगा. वर्गातल्या मुलीचा नको तसा फोटो ग्रुपवर आला, तर पुढे पाठवायचा नाही, ठेवायचाही नाही, घरी सांगायचं. १८ वर्षांखालच्या कुणाचं असं चित्र बाळगणं आणि पाठवणं गुन्हा आहे. आणि मुलग्यांवरही अत्याचार होतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा त्यांनाही लागू आहे. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा.

नऊच्या आत बदल सुरू झाले किंवा चौदा पूर्ण होऊनही वृषण वाढले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी रुग्णालयांतल्या 'मैत्री क्लिनिक'मध्येही किशोरवयीनांना सल्ला मिळतो. तपासणीच्या वेळी शेवटची पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. जे तुमच्यासमोर बोलवत नाही, ते तो डॉक्टरांशी बोलेल.