मन खचलंय, प्रार्थनाही सुचत नाही, तेव्हा काय करायचं

चर्चच्या मंडळीत कुणी निराश दिसलं की लगेच सांगतात, विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल. सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं, पण ज्याची नोकरी गेलीय, घरातलं माणूस गेलंय किंवा नुसतंच महिनोन्महिने कशातच मन लागत नाहीये, त्याला वाटतं माझाच विश्वास कमी पडला म्हणून हे असं झालं. तसं नसतं हो. पौल प्रेषितानेसुद्धा करिंथच्या मंडळीला लिहिलंय की आशिया प्रांतात आम्ही जगायची आशाच सोडली होती, आणि हे त्याने लपवलं नाही.

म्हणून सुरुवात स्तुतीपासून करायची जबरदस्ती स्वतःवर करू नका, तक्रारीपासून करा आणि ती देवाकडेच करा. बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा, फक्त सहा ओव्या आहेत. त्यात दावीद राजा आधी चार वेळा विचारतो की किती वेळ, अजून किती वेळ, मग सरळ मागणं मागतो आणि शेवटी दोन ओव्यांत म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. हाच क्रम धरून वहीत स्वतःचं स्तोत्र लिहा, देवाला हाक, मग जे दुखतंय ते नावानिशी, मग काय हवंय ते, आणि भरवशाचं एखादं वाक्य आलं तर लिहा, नाही आलं तर जागा मोकळी सोडा. चालतं. स्तोत्र 88 वाचून बघा, ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला या एका गोष्टीचा फार आधार वाटतो, कारण अंधारातून मारलेली हाकसुद्धा प्रार्थनाच आहे असा त्याचा अर्थ होतो.

दुसरं म्हणजे शरीराकडे बघा. बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळाल्यावर लगेच! देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं, प्रवासाचं आणि पुढच्या कामाचं बोलणं त्यानंतर. तेव्हा रात्री जागून मोबाईलवर प्रवचनं ऐकण्यापेक्षा जेवा आणि झोपा, हे काही कमी आध्यात्मिक नाहीये.

तिसरं, एकटे राहू नका. उपासनेला जावंसं वाटत नसेल तर मागच्या बाकावर बसा, गीत म्हणता येत नसेल तर बाकीचे म्हणतात ते ऐका, त्या दिवशी ते तुमच्यासाठीही गातायत असं समजा. एका माणसाला तरी खरं सांगा, पाळकसाहेब असोत, फादर असोत नाहीतर प्रार्थनेला येणाऱ्या एखाद्या मावशी, फक्त ऐकून घेणारं आणि बाहेर न बोलणारं माणूस निवडा.

आणि पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मुलगी मनोरमा. पुढे 1896-97 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, तरी रमाबाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम सुटलं नाही. दुःख संपलं म्हणून त्या उठल्या असं नाही, दुःख होतंच, ते घेऊनच त्या रोजच्या कामाला बसत होत्या. तुमचंही रोजचं एखादं छोटं काम धरा, शेजारच्या आजारी आजींना डबा नेऊन देणं एवढंही पुरे.

एक मात्र नीट ऐका. झोप, भूक, कामावरचं लक्ष हे सगळं दोनेक आठवडे बिघडलेलंच असेल तर डॉक्टरकडे जा, गोळ्या घेतल्या म्हणजे प्रभूवर विश्वास नाही असं कुणी म्हणालं तर त्यांचं ऐकू नका, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला 14416 वर फोन करा, तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.