आधी तेलाचा डबा बघा, कॅप्सूल नंतर

गोव्यात राहून ओमेगा-3 च्या, म्हणजे शरीराला लागणाऱ्या एका चरबीच्या, कॅप्सूल घेणारी माणसं पाहिली की मला गंमत वाटते. फोंड्याच्या बाजारात बांगडे नि तारले समोर असतात आणि आपण पिशवीत भरतो सुंगटं, म्हणजे कोळंबी! सुंगटं चवीला उत्तम, पण त्यांत चरबीच मुळात कमी, मग ओमेगा-3 येणार कुठून? ते भरपूर मिळतं बांगडा-तारल्यासारख्या तेलकट मासळीत. आठवड्यातून दोनदा, माणशी शिजलेली शंभरेक ग्रॅम पुरे. बांगडा घेताना कल्ला उघडून बघावा, आत लालभडक हवा. पोट बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. नुस्तेकान्न, म्हणजे मासळीवाली, रागावली तरी चालेल.

खरी गडबड घरी आल्यावर होते. बांगडा रव्यात घोळून सूर्यफुलाच्या तेलात तळला, की रवा तेल पितो. त्या तेलात साधारणपणे निम्म्याहून अधिक ओमेगा-6 ही दुसरी चरबी आणि ओमेगा-3 जवळपास शून्य. शरीराला दोन्ही लागतात, ओमेगा-6 काही विष नव्हे. पण जवसासारख्या वनस्पतींतल्या ओमेगा-3 चं मासळीतल्या प्रकारात रूपांतर करणारी एंझाइम्स ओमेगा-6 लाही तीच लागतात, त्यामुळे ओमेगा-6 फार झालं की ओमेगा-3 ची वाट अडते. म्हणून आमच्याकडे बांगड्याचं हुमण किंवा उड्डमेथी, म्हणजे नारळाच्या रसातली आमटी, होते. तेफळं (तिरफळं), सोलं (आमसुलं) घातली की तळणाची आठवण येत नाही, आणि सुटलेली चरबी रसातच राहून भाताबरोबर पोटात जाते. आमच्या ह्यांना रवा फ्राय हवाच असतो. रविवारी एक तुकडी, तीही तव्यावर.

तेलाचा डबा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा माझा हिशेब. डबा लवकर संपला तर फरसाण, भजी कमी करायची. बाहेरच्या भाजी-पावाबरोबरची मिरची भजी या हिशेबात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. फोडणीला मी मोहरीचं तेल वापरते, त्यात थोडं ओमेगा-3 असतं. खोबरेल तेलात दोन्ही नगण्य, पण संपृक्त चरबी भरपूर, तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी जपून.

1 जून ते 31 जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, पाठोपाठ श्रावण. तेव्हा जवस. अख्खे दाणे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर जातात, म्हणून मंद आचेवर भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून चटणी करावी आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर घ्यावी. चमचाभर, म्हणजे सात ग्रॅम पुडीत दीडेक ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. बाईमाणसाची रोजची गरज 1.1 ग्रॅम, पुरुषांची 1.6. मात्र हे वनस्पतीचं ओमेगा-3. मासळीतल्या ईपीए नि डीएचए या प्रकारांत त्याचं रूपांतर फारच थोडं होतं, त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाजार गाठावा. चटणी थोडीच करा, बरणी फ्रिजमध्ये ठेवा. कडवट वास आला की फेकायची. सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीरही चालते, पण ब्लडप्रेशरवाल्यांनी मिठाचा विचार करावा.

एवढं करूनही कॅप्सूल घ्यायचीच असेल तर बाटली उलटी करून वाचा. पुढे ठळक लिहिलेलं 1000 मिलिग्रॅम हे माशाच्या तेलाचं वजन. ईपीए नि डीएचए मिळून बऱ्याचदा 300 च भरतं. आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.