मायक्रोलाइटचा रेडिओ-इंटरकॉम घरी जोडताय? या चुका टाळा

"आवाज तं येते भाऊ, पण समजत काहीच नाही." मायक्रोलाइटसाठी, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानासाठी, घरी जोडलेल्या रेडिओ-इंटरकॉमची बहुतेक गाऱ्हाणी या एका वाक्यात मावतात. आणि गाऱ्हाणं आलं की माणूस पहिलं काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घेऊन रेडिओ उघडतो. रेडिओ बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो अँटेनाच्या टोकाशी, हेडसेटच्या जॅकमध्ये, ग्राउंडच्या तारेत, नाहीतर बॅटरीच्या टर्मिनलवर.

आपण बोलतोय ते दोन सीटच्या मायक्रोलाइट किंवा ट्राइकबद्दल (कापडी पंखाखाली लटकलेली तीनचाकी), ज्यात मुळात रेडिओ बसवलेला नसतो. हातात धरायचा एअरबँड सेट (विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारा रेडिओ), दोन हेडसेट, दोघांना आपसात बोलता यावं म्हणून मधली इंटरकॉमची डबी, विमान वळवायच्या दांडीवर बसवलेलं पीटीटी (पुश-टू-टॉक, दाबून बोलायचं) बटण, वेगळी बॅटरी आणि बाहेर काढलेला अँटेना एवढा संच. उड्डाण संपलं की डबा काढून घरी नेता येतो, ही त्यातली खरी सोय.

ट्रान्समीटर स्वतः बनवू नका

याबाबत माझं मत पक्कं आहे. इंटरकॉम घरी बनवा, वायरिंग, अँटेना, बॅटरीचा डबा सगळं घरी बनवा. पण हवेत सिग्नल सोडणारं यंत्र मान्यताप्राप्त कंपनीचंच घ्या. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं, आणि घरच्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी उन्हाने जरा सरकली की तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या चॅनलवर जाऊन बसता. कायदाही हेच सांगतो: १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत विनापरवाना वायरलेस यंत्र वापरणं हा गुन्हाच आहे. सेटसाठी परवाना लागतो आणि बोलणाऱ्याकडे आरटीआर-ए (विमानाच्या रेडिओवर बोलण्याचं) प्रमाणपत्र लागतं. "आपल्या वावरावर कोण पाह्यते" हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण आपल्या विदर्भात वावराच्या वर नागपूरच्या हवाई नियंत्रणाचं आकाश आहे आणि देशाच्या मधोमध असल्यामुळे तिथून चारी दिशांची विमानं जातात.

याच ओघात दुसरी चूक: बाजारातली स्वस्त वॉकीटॉकी घेऊन "हीच लावू" म्हणणं. ती एफएमवर बोलते, विमानं एएमवर; आवाज लहरीवर चढवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. फ्रिक्वेन्सी जुळवली तरी बोलणं जुळत नाही. विमानांनी एएम सोडलं नाही त्याला कारण आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एएमवर शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे आणखी कोणीतरी बोलतंय एवढं तरी कळतं.

अँटेना

सेटसोबत येणारा आखूड रबरी अँटेना मांडीजवळ ठेवून उडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. अर्धा सिग्नल अंगातच जिरतो. अँटेना बाहेर काढा.

लांबीचं गणित सोपं आहे. ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये येते. पट्ट्याच्या मधली १२७ मेगाहर्ट्झ धरली तर ५९ सेंटिमीटर. तारेत लहर जरा आखूड होते म्हणून ५६ च्या आसपास कापायची. इथवर सगळे बरोबर करतात. मग ती काडी ट्राइकच्या नळीवर उभी करतात आणि "रेंज नाही" म्हणून ओरडतात. पाव लहरीच्या काडीला खाली धातूचा पत्रा लागतो, म्हणजे ग्राउंड प्लेन. पत्र्याच्या विमानात तो आयता मिळतो. नळ्या आणि कापडाच्या ट्राइकमध्ये तो नसतोच. तेव्हा एकतर काडीच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा पसरवा, नाहीतर सरळ डायपोल करा: ५६-५६ सेंटिमीटरच्या दोन भुजा, एक वर, एक खाली. माझी पसंती डायपोलला. तो उभा ठेवा, आडवा नको, कारण टॉवरचे आणि इतर विमानांचे अँटेनेही उभेच असतात.

केबल आरजी-५८ घ्या, ५० ओहमची. केबलवाल्याकडे पडलेला टीव्हीच्या वायरचा तुकडा ७५ ओहमचा असतो. त्याने लगेच काही जळत नाही, पण त्याला बीएनसी कनेक्टर (सेटच्या अँटेनाचा फिरवून बसवायचा जोड) नीट बसत नाही, आणि सैल कनेक्टर हा निम्म्या भांडणांचं मूळ आहे.

हा कनेक्टर जोडताना भिंग घेऊन बसा. केबलची जाळी मागे वळवली की तिचा केसाएवढा एखादा धागा पांढऱ्या इन्सुलेशनवरून पुढे येऊन मधल्या तारेला टेकतो. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली तर पांढरं प्लास्टिक मऊ होतं आणि मधली तार हळूच एका बाजूला सरकते. थंड झाल्यावर सगळं देखणं दिसतं. पहिल्या खडखडाटात शॉर्ट. म्हणून अँटेना जोडण्याआधी केबल मल्टिमीटरवर घ्या: मधली तार ते जाळी काहीच दाखवायला नको, एका टोकाची मधली तार ते दुसऱ्या टोकाची मधली तार जवळपास शून्य ओहम दाखवायला हवी. अँटेना लावून एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनातून किती सिग्नल परत येतो ते दाखवणारा) दोनच्या आत आकडा आला की पुढे जा. अँटेना न लावता पीटीटी दाबून पाहू नका, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

रेंजबद्दलही गैरसमज फार. या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर. दोन्ही टोकांची बेरीज करा. वावरात उभे असलेले दोघे गणिताने फार तर दहा किलोमीटर बोलू शकतात, आणि मधे तूर, बाभळी, टेकाड आलं की त्याहून कमी. तेच तीनशे मीटर उंचीवरून एकट्या विमानाचे सत्तर किलोमीटर होतात. म्हणूनच जमिनीवर सेट लावला की दहा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानाचा पायलट स्पष्ट ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणारं नागपूरचं हवाई नियंत्रण ऐकू येत नाही. सेट बिघडलेला नसतो.

हेडसेट आणि माइक

विमानाच्या हेडसेटला दोन प्लग असतात: ऐकण्याचा जाड, ६.३५ मिलिमीटरचा, आणि माइकचा किंचित बारीक, ५.२३ मिलिमीटरचा. माइकच्या प्लगमध्ये टोकाला पीटीटी, मधल्या कड्याला माइकचा आवाज आणि मागे ग्राउंड. टोक आणि कडं यांची अदलाबदल झाली की गंमत पाहा: बटण न दाबता सेट प्रसारण करायला लागतो, किंवा दाबलं तर नुसता शांत कॅरिअर (आवाजाविना लहर) जातो. हेलिकॉप्टरचा एका प्लगचा हेडसेट स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. त्याचा माइक आणि स्पीकर अनेकदा वेगळ्या इम्पिडन्सचे (विजेच्या अडथळ्याचं माप) असतात.

विमानाच्या माइकला वीज द्यावी लागते, ८ ते १६ व्होल्ट, ४७० ओहम ते एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून. ती दिली नाही तर माइक मुका. दिली, पण पुढे कपॅसिटर न घालता थेट अँप्लिफायरला नेली, तर आवाज फाटतो. स्टीरिओ हेडसेट मोनो जॅकमध्ये खुपसला की एक कान बंद होतो.

आणखी एक, अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. गोंगाट कापणाऱ्या माइकला दोन्ही बाजूंनी भोकं असतात, पण बोलायची बाजू एकच. फोम काढून धुतला आणि माइक उलटा फिरला की तो तुमचा आवाजच गोंगाट समजून कापतो. मग माणूस दिवसभर अँप्लिफायरचा गेन (आवाज किती पट वाढवायचा ते) वाढवत बसतो. माइक ओठाला जवळजवळ टेकलेला हवा, आणि उघड्या ट्राइकमध्ये फोम हवाच.

इंटरकॉमची डबी

घरच्या इंटरकॉममध्ये बहुधा एलएम३८६ ही आयसी असते. स्वस्त, कुठेही मिळणारी. तिच्या एक आणि आठ नंबरच्या पायांत दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की गेन वीसवरून दोनशेवर जातो, आणि नेमकं हेच सगळे करतात. इंजिनच्या गोंगाटात दोनशे गेन म्हणजे गोंगाटच दोनशे पट. वीसवर ठेवा आणि माइक जवळ घ्या. आउटपुटवर दहा ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी विसरू नका, नाहीतर आयसी ऐकू न येणाऱ्या सुरात गात बसते आणि तापते. साध्या प्रकारच्या ३८६ ला १२ व्होल्टच झेपतात. चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीवर १४ पर्यंत जातात. मधे ७८०९ रेग्युलेटर टाका.

पीटीटी दाबल्याबरोबर हेडसेटमध्ये किंचाळी किंवा भर्रर्र आवाज आला तर तुमचाच सिग्नल माइकच्या वायरीतून डबीत शिरतोय. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावून पाहा; आवाज गेला तर निदान पक्कं. माइकच्या जॅकवरच एक नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, वायरीवर फेराइटची कडी, आणि अँटेनाची केबल माइकच्या वायरीपासून लांब. डबी प्लॅस्टिकच्या टिफिनची असेल तर बदला. अॅल्युमिनियमची घ्या, स्टीलचा डबा होकायंत्राजवळ आला तर सुई भलतीकडे वळते.

घरघर, टकटक, कुंई

आवाज कुठून येतो ते ठरवल्याशिवाय एकही कपॅसिटर विकत घेऊ नका. इंजिन चालू असताना अँटेना काढा, फक्त ऐका. टकटक गेली तर ती इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या ठिणगीची आहे, हवेतून येते. अशा वेळी इंजिनाच्या पुस्तकात चालत असतील ते रेझिस्टरवाले प्लग आणि कॅप लावा, अँटेना इंजिनापासून दूर न्या. अँटेना काढूनही आवाज राहिला तर तो वायरीतून येतो. संच इंजिनाच्या बॅटरीला जोडला असेल तर आता सेट आणि डबी स्वतंत्र बॅटरीवर चालवा. थ्रॉटलबरोबर चढणारी "कुंईऽऽ" गायब झाली तर चार्जिंगचा रेग्युलेटर दोषी. रोटॅक्स ९१२ या इंजिनाला तर त्याच्या आउटपुटवर २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचाच असतो, तो सुकला की हीच कुंई सुरू होते. स्वतंत्र बॅटरीवरही राहिली तर ग्राउंड दोन ठिकाणी जोडला गेलाय. जॅक धातूच्या नळीला थेट कसलेले असतात, तिथून लूप बनतो. जॅकखाली फायबरचे वॉशर घाला आणि सगळ्यांचं ग्राउंड डबीतल्या एकाच बिंदूवर आणा.

पण इंजिन बंद असतानाही टकटक येत असेल तर? विदर्भात उत्तर बहुधा धुऱ्यावर सापडतं. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) आवरायला कुंपणाच्या तारेला लावलेली झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका सोडते, आणि तार ओल्या गवताला टेकली की प्रत्येक ठोक्याला बारीक ठिणगी उडते. एएम रिसीव्हरला ती लांबूनही ऐकू येते. सेटचं स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा, सेट छातीशी धरून जागेवर गोल फिरा. आवाज सगळ्यात क्षीण होईल तेव्हा झटका तुमच्या पाठीमागे आहे. तिकडे चालत जा, तारेखालचं गवत कापायला शेतमालकाला विनवा, तारेला हात लावू नका. सतत खरखर असेल तर सोलर पंपाचा कंट्रोलर, स्वस्त एलईडी दिवा किंवा तुम्हीच डब्यात बसवलेला मोबाइल चार्जर पाहा. हा शेवटचा इसम फार वेळा सापडतो.

बॅटरी आणि ऊन

घरात फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असतेच, ती उचलून लावतात. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने रिकामी पडलेली ती बॅटरी चार्जरवर तेरा व्होल्ट दाखवते आणि पीटीटी दाबताच कोसळते. ऐकू येतं पण बोलायला गेलं की सेट बंद पडतो, हे त्याचंच लक्षण. व्होल्टेज नेहमी प्रसारण चालू असताना मोजा. पाच वॉटचा सेट बोलताना एक-दीड अँपिअर ओढतो, त्यासाठी दोन-अडीच किलोचं शिसं उचलायची गरज नाही; लिथियम आयर्न फॉस्फेटचा छोटा पॅक पुरे. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच, तीन अँपिअरचा. सीटमागे पेट्रोलची टाकी आहे हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या शेडमध्ये काळ्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त. ग्लू गनचा गोंद मऊ होऊन आयसी लोंबायला लागते, इन्सुलेशन टेपचा चिकटा वाहून वायर उघडी पडते. गोंदाऐवजी स्क्रू, टेपऐवजी हीट श्रिंक नळी. तापलेला लिथियम पॅक चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत निवू द्या.

ट्राइकचा पंखा (प्रोपेलर) मागे असतो. सुटलेला प्लग, फोम, वेल्क्रोची पट्टी, जे काही सुटेल ते थेट पंख्यात जातं. प्रत्येक वायर दोन ठिकाणी बांधा.

चाचणी

आधी इंजिन बंद, मग इंजिन चालू, मग हवेत. इंजिन चालू असताना चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा आणि पंख्याच्या बाजूला कोणी उभं राहणार नाही याची एका माणसावर जबाबदारी टाका. चाचणीसाठी १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी कधीच वापरू नका. समोरच्याला "ऐकू येतंय का" विचारण्यापेक्षा एक ते पाचच्या मापात स्पष्टता सांगायला सांगा. तीनच्या खाली असेल तर परत माइकपासून सुरुवात.

सगळं झालं की पीटीटी बटण अडकवून पाहा, म्हणजे डमी लोड लावून मुद्दाम दाबून ठेवा. प्रसारणाचा दिवा लागतो का, सेटचा टाइमआउट किती सेकंदांनी तोडतो, हे माहीत असायला हवं. धूळ आणि घामाने दांडीवरचं बटण आत अडकलं की त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी कोणाचंच बोलणं नीट कळत नाही, आणि तुम्हाला मात्र सगळं शांत शांत वाटतं. बराच वेळ कोणाचाच आवाज आला नाही तर आधी तो दिवा पाहा. लागलेला असेल तर पीटीटीचा प्लग सेटमधून उपटा आणि सेटवरच्या बटणाने बोला. त्यासाठी तो प्लग हातमोज्यासकट पकडता येईल असा, डब्याच्या वरच्या बाजूलाच ठेवा.