मांजरीचं आजारी पिल्लू शेल्टरमधून घरी आणायचं का, हे कसं ठरवायचं

शेल्टरमध्ये जे पिल्लू नेमकं तुमच्या मांडीवर येऊन झोपलं तेच आजारी निघालं, असं खूपदा होतं. लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाही पण म्हणू नका, आधी आजार कुठला ते नीट विचारा, म्हणजे काही आठवड्यांत बरा होणारा, जन्मभर राहणारा पण सांभाळता येणारा, की घरातल्या बाकीच्यांना लागणारा. "जरा अशक्त आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. टेस्ट कुठल्या झाल्या, औषधं किती दिवस चालू आहेत, लस कधी दिली, आणि वजन लिहून ठेवलंय का ते बघा, कारण लहान पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम तरी वाढायला पाहिजे, आणि पोट टम्म पण वजन जागचं हलत नाही असं असेल तर बहुतेक वेळा जंत असतात, तेवढं औषधाने जातं.

मग पिल्लू हातात घ्या. ओठ हळूच वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे, इतक्या छोट्या जिवाला नुसत्या पिसवांनीसुद्धा ॲनिमिया होतो. डोळ्यांत चिपडं आणि नाक चोंदलेलं असेल तर बहुतेक कॅट फ्लू. अशा पिल्लाला वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर खात नाही, म्हणून तिथल्या लोकांना विचारून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसा, ओलं खाणं जरा कोमट करून पुढे ठेवा आणि थांबा. आधी नाक थरथरतं, मग एक चाटण, आणि मग गुरगुरत सगळं फस्त केलं तर माझ्या मते त्या पिल्लात खूप जोर आहे. फ्लूचा हर्पिस व्हायरस शरीरात कायम राहतो आणि ताण आला की डोळे परत येतात, पण एवढ्यासाठी पिल्लू नाकारू नका असं मी मनापासून सांगेन, माझ्या बोक्याचा एक डोळा कायमचा धुरकट राहिलाय आणि तो मजेत आहे.

एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) पॉझिटिव्ह ऐकून घाबरू नका, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात आईकडून आलेल्या अँटीबॉडीमुळे टेस्ट तशी येऊ शकते, पिल्लू सहा महिन्यांचं झालं की परत करायची. एफईएलव्ही, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया व्हायरस, मात्र गंभीर, आणि घरात दुसरी मांजर असेल तर तिला लागू शकतो, तिथे व्हेटशी (प्राण्यांच्या डॉक्टरशी) बोलल्याशिवाय हो म्हणू नका. एफआयपी (मांजरांमधल्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा आजार) पूर्वी म्हणजे संपलंच होतं, आता जीएस-४४१५२४ या औषधाने खूप मांजरं वाचतात, पण नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा असतो आणि खर्चही मोठा, तर आधी हिशोब. गजकर्ण माणसांनाही होतं आणि जायला कितीतरी आठवडे लागतात, घरात तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा.

डुलत डुलत चालणारी पिल्लं लोक घाबरून सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं. ते जन्मतःच मेंदूचा तोल सांभाळणारा भाग नीट न वाढल्यामुळे असेल तर दुखत नाही आणि वाढतही नाही, व्हेटकडून फक्त दुसरं काही नाही ना हे बघून घ्या. कमी काठाचा लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) आणि न घसरणारी चटई, बास.

आता घराचं बघा. डोळ्यात दिवसातून तीन-चार वेळा ड्रॉप कोण घालणार, निदान दोन आठवडे वेगळी खोली देता येईल का, व्हेटने सांगितलेला खर्च वाढला तर झेपेल का. घरातल्या मांजरीचं लसीकरण राहिलं असेल तर ते आधी. यातलं काही जमत नसेल तर नाही म्हणण्यात काही चूक नाही, किंवा आधी फोस्टर म्हणून, म्हणजे थोडे दिवस सांभाळायला, द्याल का असं विचारा, पुष्कळ शेल्टर तयार होतात. आणि आणायचं ठरलं तर व्हेटची अपॉइंटमेंट आधी घ्या, मग पिल्लू घरी, आणि दिवसभर त्याने काहीच खाल्लं नाही तर उद्या बघू म्हणू नका, लगेच फोन करा.